भाडेकरूंचे विद्यापीठ

बोलोन्या विद्यापीठाच्या मुद्रेवर १०८८ हे साल कोरलेले आहे आणि युरोपातले सर्वांत जुने विद्यापीठ म्हणून ते सगळीकडे उद्धृत होते. पण त्या साली बोलोन्यात काही स्थापन झाल्याचा एकही कागद नाही. राजाची सनद नाही, पोपची आज्ञा नाही, नगरसभेचा ठराव नाही. इटली एक राष्ट्र झाल्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कवी आणि प्राध्यापक जोझुए कार्दुच्ची यांच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीने हे साल मुक्रर केले आणि १८८८ मध्ये आठशेवा वर्धापनदिन थाटात पार पडला. नव्या राष्ट्राला जुनी वंशावळ हवी असते, तेव्हा त्यात फारसे नवल नाही. समितीने शोध घेतला तो चर्चच्या शाळेबाहेर, स्वतंत्रपणे कायदा शिकवू लागलेल्या पहिल्या शिक्षकांचा. ते काम अकराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले असावे, हे मान्य करायला हरकत नाही. हरकत आहे ती तिथून निघणाऱ्या समजुतीला. गुरू आधी होता, शिष्य मागाहून आले, आणि दूरदेशीचे शिष्य तर सर्वांत शेवटी, एका तयार संस्थेचे पाहुणे म्हणून आले, अशी ही समजूत आहे. बोलोन्याचा पुरावा नेमका उलट दिशेने बोट दाखवतो. शिक्षक आधी होते, हे खरे. विद्यापीठ मात्र परदेशी विद्यार्थ्यांनी उभारले, आणि तेही ज्ञानाच्या ओढीपेक्षा असुरक्षिततेपोटी.

विद्यार्थी तिथे का येत होते, हे पाहिल्याशिवाय त्यांची धास्ती कळणार नाही. सहाव्या शतकात सम्राट जुस्टिनियनने रोमन कायद्याची जी संहिता करवून घेतली, तिचा सर्वांत मोठा आणि कठीण भाग, ‘डायजेस्ट’, पश्चिम युरोपात कित्येक शतके जवळजवळ विस्मरणात गेला होता. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला इर्नेरियस नावाच्या बोलोन्याच्या शिक्षकाने या ग्रंथाचे ओळीओळीने विवरण सुरू केले. त्याच्यामागून बुल्गारुस, मार्तिनुस, हुगो आणि याकोबुस हे चौघे आले; मध्ययुगातल्याच लेखकांनी त्यांना ‘चार आचार्य’ म्हटले. ११४०च्या सुमारास ग्राशियनने चर्चच्या परस्परविरोधी नियमांची मोट बांधून धर्मकायद्याचा ग्रंथ सिद्ध केला. काळही असा होता की सम्राट आणि पोप यांच्यात अधिकाराचा झगडा चालू होता आणि दोन्ही बाजूंना वाद घालू शकणारी माणसे हवी होती. बिशपांना, राजांना, नगरांनाही हवी होती. त्यामुळे बोलोन्यात चार-सहा वर्षे काढलेला माणूस मायदेशी परतला की त्याच्या पदरात चांगली जागा पडे. थॉमस बेकेट, जो पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला, काही काळ इथे शिकून गेला. जर्मन, फ्रेंच, इंग्रज, प्रोव्हान्सचे, कातालान, हंगेरियन, पोलिश असे लोक आल्प्स ओलांडून येत. ही कोवळी पोरे नव्हती. त्यांतले बरेच जण चर्चच्या उत्पन्नावर जगणारे, पंचविशी-तिशीतले, घरी मान असलेले पुरुष होते. मुलकी कायद्यात आचार्य व्हायचे तर सात-आठ वर्षे लागत. एवढा काळ त्यांना एका परक्या गावात, भाड्याच्या घरात, खिशात रोकड आणि पेटीत महागडी हस्तलिखिते बाळगून राहायचे होते.

आणि त्या गावात त्यांना कायद्याने काहीच स्थान नव्हते. बाराव्या शतकातले इटालियन नगर म्हणजे नागरिकांचा बंदिस्त संघ. न्यायालय, साक्ष, जामीन, मालमत्ता, सूडापासून संरक्षण, सगळे नागरिकासाठी. परक्याला यातले जे मिळेल ते मेहेरबानी म्हणून. यातली सर्वांत जाचक प्रथा होती प्रतिशोधाच्या जप्तीची. कोलोनच्या एखाद्या व्यापाऱ्याने बोलोन्याच्या सावकाराचे पैसे बुडवले आणि तो हाती लागत नसेल, तर सावकार नगराच्या अधिकाऱ्यांकडून परवाना घेऊन कोलोनहून आलेल्या कोणत्याही माणसाचा माल जप्त करू शके. तो माणूस कर्जदाराला ओळखतही नसला तरी चालत असे. गाव एक असले की झाले. व्यापारी येतो, माल विकतो, निघून जातो. विद्यार्थी मात्र वर्षानुवर्षे त्याच गल्लीत राहतो, त्याचे गाव सगळ्यांना ठाऊक असते आणि त्याची पुस्तके उचलून नेण्याजोगी असतात. जप्तीला त्याच्याइतके सोयीचे गिऱ्हाईक दुसरे नाही.

परदेशी विद्यार्थ्यांविषयीचा सर्वांत जुना महत्त्वाचा कायदा नेमका याच तक्रारीवर आहे, हा योगायोग नाही. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा ११५५ मध्ये बोलोन्याजवळून जात असता तिथल्या विद्वज्जनांनी त्याची गाठ घेतली असे मानले जाते, आणि ११५८च्या रोन्काल्याच्या सभेच्या सुमारास त्याचे फर्मान जाहीर झाले. ‘हाबिता’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फर्मानात ज्ञानाची थोरवी सुरुवातीला आहे, पण खरा मजकूर पुढे आहे. विद्येसाठी देशोदेशी फिरणाऱ्यांना निर्धोक प्रवास करता यावा. त्यांच्या देशबांधवांच्या कर्जापायी त्यांना कुणी हात लावू नये. त्यांच्यावर कुणी दावा आणलाच तर तो आपल्या गुरूपुढे चालवायचा की तिथल्या बिशपपुढे, हे त्यांनी निवडावे. हे फर्मान जुस्टिनियनच्या संहितेतच जोडून ठेवण्याचा आदेशही त्यात होता, म्हणजे ज्या ग्रंथाचा अभ्यास करायला ही मंडळी आली त्याच ग्रंथात त्यांच्या स्वतःच्या संरक्षणाचे कलम आले. विद्यापीठ या संस्थेचा उल्लेख मात्र फर्मानात नाही, कारण ती अजून नव्हती. संरक्षण होते ते एकेकट्या माणसाला, आणि संरक्षण देणारा बहुतेक काळ आल्प्सपलीकडे असे.

सम्राट लांब आणि घरमालक दाराशी, अशा स्थितीत परक्यांनी एकच उपाय केला, जो त्या काळी प्रत्येक धंद्यातले लोक करत: संघ बांधला. आधी गाववार, देशवार मंडळे झाली, मग त्यांची मोट. तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बोलोन्यात कायद्याच्या विद्यार्थ्यांचे दोन मोठे संघ स्थिरावले होते, एक आल्प्सच्या पलीकडच्यांचा आणि दुसरा अलीकडच्यांचा, म्हणजे इटलीतल्याच पण इतर नगरांतून आलेल्यांचा. प्रत्येक संघाचा रेक्टर विद्यार्थ्यांनी निवडलेला आणि स्वतः विद्यार्थी असे. रेक्टरपुढे सर्वांनी आज्ञापालनाची शपथ घ्यायची. या रचनेतली एक गोष्ट माझ्या मते साऱ्या वादाचा निकाल लावते. बोलोन्यात जन्मलेला विद्यार्थी या संघांचा पूर्ण सभासद होऊ शकत नव्हता. तो त्याच वर्गात, त्याच बाकावर बसून तेच व्याख्यान ऐके, पण संघात त्याला मत नव्हते. शिक्षकालाही नव्हते, कारण नामवंत शिक्षक बहुधा बोलोन्याचेच नागरिक असत. हा संघ ज्ञानासाठी असता तर हुशार स्थानिकाला वगळायचे कारण काय? पण नागरिकाला नगराचे कवच आधीच होते. ज्यांना कवच नव्हते त्यांनी मिळून केलेले हे कवच होते. शिक्षकांची आपली वेगळी मंडळे होती आणि परीक्षा घेऊन पदवी देणे हे त्यांच्याकडेच राहिले; पण ज्याला त्या काळी विद्यापीठ म्हणत, ते विद्यार्थ्यांचे होते.

या संघाने शिक्षकांना कसे वागवले ते चौदाव्या शतकातल्या नियमावलीत सविस्तर सापडते, आणि ते वाचताना आजच्या प्राध्यापकाला घाम फुटावा. सेंट पीटरच्या घंटेबरोबर व्याख्यान सुरू व्हायचे. उशीर झाला तर दंड. संपण्याची घंटा झाल्यावर बोलत राहिला तरी दंड. ग्रंथातला परिच्छेद गाळायचा नाही, अवघड शंका ‘शेवटी पाहू’ म्हणून पुढे ढकलायची नाही. ग्रंथाचे टप्पे पाडलेले असत आणि अमुक दिवसापर्यंत तमुक टप्पा गाठलाच पाहिजे. या हमीपोटी शिक्षकाने आधीच एक रक्कम पेढीवर ठेवायची, दंड तिच्यातून परस्पर वळता होई. नेहमीच्या व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत तर तो दिवस त्याच्या गैरहजेरीत धरला जाई. गावाबाहेर जायचे तर विद्यार्थ्यांची परवानगी, आणि परत येईन याची अनामत. शिक्षकावर पाळत ठेवून चुका रेक्टरला कळवणारे विद्यार्थीही नेमलेले असत. हे सगळे चालले कसे? कारण सुरुवातीच्या काळात शिक्षकाला पगार देणारे दुसरे कुणी नव्हते. घरची शिकवणी चालवणाऱ्या मास्तरासारखा तो आपल्या घरात किंवा भाड्याच्या दालनात शिकवी आणि विद्यार्थी वर्गणी गोळा करून त्याचे मानधन देत. ती वसूल करताना त्याची दमछाक होई. तेराव्या शतकातला प्रख्यात शिक्षक ओदोफ्रेदो याने तर वर्षअखेरच्या व्याख्यानात विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावले की तुम्ही पैसे नीट देत नाही, तेव्हा पुढल्या वर्षी दुपारची जादा व्याख्याने बंद.

घरभाड्याची कथा तर संघाहूनही जुनी आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस पोप तिसरा क्लेमेंट यांना बोलोन्याच्या बिशपला बजवावे लागले, की एका विद्यार्थ्याच्या ताब्यातले घर दुसऱ्याने मालकाला जास्त भाड्याचे आमिष दाखवून बळकावू नये. यातून दोन गोष्टी दिसतात: घरे थोडी होती, आणि मालकांना ही चढाओढ हवी होती. संघाने पुढे यावर पद्धतशीर तोड काढली. विद्यार्थ्यांचे दोन आणि नगराचे दोन प्रतिनिधी मिळून घराची पाहणी करत आणि भाडे ठरवत. जो मालक ते मानणार नाही त्याच्या घरावर बहिष्कार, मग काही वर्षे त्या घरात एकही विद्यार्थी राहायला जायचा नाही. पुस्तकांबाबतही हेच. कायद्याचा मोठा ग्रंथ नकलून घ्यायला महिनेच्या महिने जात, आणि एक प्रत एकाच्याच हाती अडकून पडे. म्हणून ग्रंथविक्रेत्याने मूळ प्रत सुट्या पुड्यांत ठेवायची आणि एकेक पुडी ठरलेल्या दराने भाड्याने द्यायची अशी रीत पडली. एकाच वेळी दहाजण एकाच ग्रंथाचे दहा तुकडे उतरवू शकत. पुड्यांतला मजकूर शुद्ध आहे ना, हे तपासायला संघाने निवडलेले सहा विद्यार्थी असत आणि चुकीची पुडी भाड्याने दिली तर विक्रेत्याला दंड. ओळीत एक ‘न’ राहून गेला तर खटला फिरतो, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांना कुणी सांगायला नको होते. बोलोन्याच्या प्रसिद्ध कमानदार ओसऱ्याही अंशतः याच दाटीची देणगी आहेत. वाढत्या वस्तीला खोल्या कमी पडू लागल्या तसे वरचे मजले रस्त्यावर पुढे आले, त्यांना खांबांचा आधार द्यावा लागला, आणि १२८८च्या नगरनियमाने नव्या घराला ओसरी सक्तीचीच केली.

या साऱ्या मागण्या नगराने मान्य का केल्या? कारण संघाकडे एकच, पण जबर हत्यार होते: निघून जाणे. विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती, ग्रंथालय नव्हते, जमीन नव्हती. मोठ्या सभा मठांत आणि चर्चमध्ये होत. आपल्याकडे १८५७च्या कायद्याने मुंबई विद्यापीठ जन्माला आले तेव्हा त्यालाही इमारत नव्हती, पण सरकारी कायदा, कुलपती आणि परीक्षा होत्या. बोलोन्यात यातलेही काही वरून आलेले नव्हते, होती ती माणसे. माणसे उठून चालू लागली की विद्यापीठ चालू लागे. १२०४ मध्ये काही जण व्हिचेंत्साला गेले, १२१५ मध्ये आरेत्सोला, आणि १२२२ मध्ये जे पादुआला गेले त्यांच्यापासून पादुआचे विद्यापीठ सुरू झाले. नगर हवालदिल झाले. शिक्षकांकडून गाव न सोडण्याच्या शपथा तर बाराव्या शतकाच्या अखेरीपासूनच घेतल्या जात होत्या. आता विद्यार्थ्यांनाही बांधून घालण्याचा खटाटोप सुरू झाला, तेव्हा पोप तिसरा होनोरियस यांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली.

या हत्याराची किंमत किती होती, ते १२२८च्या एका करारात रोकडे दिसते. पादुआतले विद्यार्थी तिथेही नाराज होते आणि व्हेर्चेल्ली नावाच्या नगराने त्यांच्याशी लेखी करार केला. नगराने पाचशे घरे द्यायची, भाडे दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी ठरवायचे आणि त्याला कमाल मर्यादा असायची, विद्यार्थ्यांना कर्जाची सोय करायची, आणि शिक्षकांचे पगार नगराने भरायचे. करारावर एका बाजूला नगर होते आणि दुसऱ्या बाजूला वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांचे रेक्टर. शिक्षक होते कलमात, पगाराच्या रकान्यात. पुढाऱ्यांची भाषणे आणि चरित्रकारांची स्तुती बाजूला ठेवली तर संस्था कुणाची आहे हे करारावर कुणाच्या सह्या आहेत यावरून ओळखावे, असे मला वाटते.

या युक्तिवादावर पहिला आक्षेप पॅरिसचा येईल. बोलोन्याच्याच काळात पॅरिसला विद्यापीठ उभे राहिले, आणि ते शिक्षकांचे होते. विद्यार्थ्यांना तिथे सत्ता नव्हती. मग परदेशी विद्यार्थी हे कारण कसे? आक्षेप वजनदार आहे, पण जरा खोलात गेले की तोच पुरावा बनतो. पॅरिसला संघ बांधला तो कलाशाखेच्या शिक्षकांनी, आणि हे शिक्षक स्वतः बहुधा तरुण आणि बाहेरगावचे होते. त्यांची देशवार मंडळे होती, आणि त्यांनाही नगराच्या अधिकाऱ्यांशी झगडावे लागे. १२२९ मध्ये दंग्यात विद्यार्थी मारले गेले तेव्हा शिक्षकांनी शिकवणे थांबवून गाव सोडले. म्हणजे पॅरिसात परके होते शिक्षक, बोलोन्यात परके होते विद्यार्थी, आणि दोन्हीकडे संघ परक्यांचाच झाला. फरक वयाचा किंवा विद्वत्तेचा नव्हता, नागरिकत्वाचा होता.

दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीचा वाटतो. हे विद्यार्थी पैसेवाले होते, कित्येक उमराव घराण्यांतले. त्यांच्या संघाला दुबळ्यांची संघटना म्हणणे म्हणजे भाबडेपणा नव्हे काय? शिवाय स्त्रियांना तिथे प्रवेशच नव्हता, आणि सवलतींच्या आड अरेरावीही पुष्कळ चाले. १३२१ मध्ये व्हॅलेन्सियाच्या एका विद्यार्थ्याने बोलोन्यातल्या एका मुलीला पळवले. नगराने त्याचा शिरच्छेद केला. विद्यार्थ्यांनी हा आपल्या हक्कांवरचा घाला मानला आणि शेकड्यांनी सिएनाची वाट धरली. तेव्हा बोलोन्यात कायदा शिकणारा तरुण पेत्रार्क हाही त्या धामधुमीत गाव सोडून गेला. अखेर नगराला नमते घ्यावे लागले. त्या मुलीच्या बाजूने पाहिले तर या विजयात साजरे करण्यासारखे काही नाही. संघाकडे होते ते दडपण, न्याय नव्हे, आणि दोन्हींची गल्लत करू नये. पण पैसा आणि हक्क या निराळ्या गोष्टी आहेत, हेही विसरू नये. पैसेवाला परका हा गरीब परक्यापेक्षा जास्त लुटण्याजोगा असतो. जप्तीचा परवाना रिकाम्या पेटीवर कोण काढणार? पैशाने त्यांना एकत्र येऊन टिकून राहण्याची ताकद दिली, एकत्र येण्याची गरज मात्र हक्क नसण्यातून आली. आणि ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांच्यासाठी सोय झालीच. स्पॅनिश कार्डिनल आल्बोर्नोस यांच्या १३६४च्या मृत्युपत्रातून उभे राहिलेले स्पॅनिश विद्यार्थ्यांचे वसतिगृह बोलोन्यात आजही चालू आहे.

परत जाणारे हे लोक काय घेऊन जात, याचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. तेराव्या शतकात बोलोन्याच्या आक्कुर्सियसने रोमन कायद्यावरच्या साऱ्या टिपा एकत्र करून जे भाष्य सिद्ध केले, ते युरोपभर प्रमाण मानले गेले. १३३४ मध्ये बोलोन्यात आचार्य झालेला बार्तोलो हा त्याच्या पुढच्या पिढ्यांतला मोठा भाष्यकार. पंधराव्या शतकापासून पोर्तुगालच्या राजसंहितांनी स्पष्ट लिहून ठेवले, की देशाचा कायदा आणि रूढी जिथे गप्प असतील तिथे रोमन कायदा पाहावा, आणि त्यानेही भागले नाही तर आक्कुर्सियसचे भाष्य आणि मग बार्तोलोचे मत. १५१० नंतर या संहिता गोव्यातल्या पोर्तुगीज न्यायालयांत आल्या. गावकऱ्यांच्या जुन्या रिवाजांची नोंद १५२६च्या ‘फोराल’ या सनदेत वेगळी झाली, ती गोष्ट निराळी. पण तत्त्वतः, मांडवीच्या काठी बसलेला न्यायाधीश निरुत्तर झाला तर त्याने बोलोन्याच्या शिक्षकाला विचारायचे, अशी तरतूद १७६९ मध्ये लिस्बनने ती मोडीत काढेपर्यंत कागदावर होती. गोव्यात वारसाहक्क आणि पतिपत्नीच्या समाईक मालमत्तेबाबत दीर्घकाळ लागू राहिलेली १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता त्याच रोमन परंपरेतली आहे.

विद्यार्थ्यांची सत्ता गेली कशी, यातही परकेपणाचाच हिशेब आहे. ती कुणी बळाने हिरावून घेतली नाही, पगाराने विकत घेतली. १२८०मध्ये विद्यार्थ्यांनी गार्सिया नावाच्या स्पॅनिश शिक्षकाला वर्षाला १५० लिरांवर आपल्यातर्फे ठरवले, आणि लवकरच ही रक्कम नगराने आपल्या तिजोरीतून द्यायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांना ती मदतच वाटली असणार. मग हळूहळू आणखी शिक्षकांचे पगार नगराकडे गेले, पगारांवर देखरेख करायला नगराची समिती आली, आणि ज्याच्या हाती पगार त्याच्या हाती नेमणूक हे ओघाने आलेच. दंडाचे नियम पुस्तकात राहिले, पण दंड वळता करण्याची पेढी विद्यार्थ्यांची राहिली नाही. रेक्टरपद इतके खर्चिक झाले होते की ते घ्यायला माणूस मिळेना.

या उताराच्या मधल्या काळात, १४९६ मध्ये, तोरुनचा एक तरुण धर्मकायदा शिकायला बोलोन्यात आला आणि त्याने जर्मन मंडळात नाव घातले. त्यावरून पुढे जर्मन आणि पोलिश अभिमान्यांनी कोपर्निकस कुणाचा यावर पुष्कळ शाई खर्च केली. मंडळातले नाव हे मुख्यतः परक्या गावातल्या विम्यासारखे होते, हे ध्यानात घेतले असते तर बरीच शाई वाचली असती. कोपर्निकस ज्योतिषाचे प्राध्यापक नोव्हारा यांच्याबरोबर राहिला, ९ मार्च १४९७ला त्याने चंद्राआड जाणारा रोहिणी तारा टिपून ठेवला, पैशांची चणचणही सोसली, आणि १५०३ मध्ये पदवी घेतली ती मात्र फेर्राराला. बोलोन्यातला पदवीचा सोहळा फार महाग पडे, असे त्याचे कारण सांगितले जाते.

१५०६ मध्ये बोलोन्या पोपच्या थेट अमलाखाली आले आणि १५६३ मध्ये पोपच्या प्रतिनिधींनी विद्यापीठाला पहिली कायमची इमारत दिली, आर्किजिन्नाझियो. आज तिच्या भिंतींवर आणि छतांवर जवळपास सहा हजार विद्यार्थ्यांची रंगीत कुलचिन्हे दिसतात: गरुड, मनोरे, सिंह, झाडे, खाली नाव आणि देश. पर्यटकांना ती परदेशी विद्यार्थ्यांच्या वैभवाची खूण वाटते. कालक्रम पाहिला तर ती उलट गोष्ट सांगते. विद्यार्थी जेव्हा भाडे ठरवत, शिक्षकाला दंड करत, नगराला वेठीस धरत, तेव्हा त्यांचे नाव कोणत्याही भिंतीवर नव्हते, कारण भिंतच नव्हती. भिंत मिळाली, तिच्यावर चिन्ह रंगवायचा मान मिळाला, तेव्हा विद्यापीठ हलवता येईनासे झाले होते. निघून जाण्याचे हत्यार तेवढ्याने पुरते बोथट झाले नाही, हे पादुआ दाखवते. १५६४च्या पोपच्या आज्ञेने पदवीसाठी कॅथलिक श्रद्धेची शपथ सक्तीची झाली. जर्मन प्रॉटेस्टंट विद्यार्थी गमावणे पादुआवर राज्य करणाऱ्या व्हेनिसला परवडणारे नव्हते, म्हणून त्या प्रजासत्ताकाने १६१६ मध्ये शपथेविना पदवी देणारी वेगळी व्यवस्था पादुआत उभी केली. तोटा कुणाचा होतो हे कळले की धर्माज्ञेतूनही वाट निघते.

आज बोलोन्यात शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची कायदेशीर स्थिती बाराव्या शतकातल्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. देशबांधवाच्या कर्जापायी त्याचा लॅपटॉप कुणी उचलून नेणार नाही. युरोपीय संघाबाहेरचा, म्हणजे आपल्याकडचा, विद्यार्थी पोहोचल्यापासून आठ कामकाजी दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करतो. प्रादेशिक संस्था शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचे काम पाहते. हे संरक्षण ‘हाबिता’सारखे आहे: वरून आलेले, आणि एकेकट्याला दिलेले. मधल्या काळातली सामूहिक यंत्रणा मात्र उरलेली नाही. घराचे भाडे ठरवणारे दोन विद्यार्थी आणि दोन नागरिक आता नाहीत. मे २०२३ मध्ये मिलानच्या एका विद्यार्थिनीने भाड्याच्या निषेधार्थ विद्यापीठासमोर तंबू ठोकला आणि बघताबघता बोलोन्यासह अनेक शहरांत तंबू उभे राहिले. त्यात इटलीतल्याच पण बाहेरगावच्या विद्यार्थ्यांचा भरणा होता, म्हणजे जुन्या हिशेबाने आल्प्सअलीकडचा संघ. कुणी म्हणेल की सामूहिक हक्कांची जागा आता करारांनी आणि धोरणांनी घेतली आहे. करार आहेत खरे. १९८८ मध्ये, कार्दुच्चींच्या समितीने ठरवलेल्या सालाला नऊशे वर्षे झाली म्हणून, बोलोन्यात विद्यापीठांच्या स्वातंत्र्याच्या सनदेवर सह्या झाल्या. सह्या करणारे होते रेक्टर, आणि आताचे रेक्टर प्राध्यापक असतात. १९ जून १९९९ला युरोपातल्या पदव्या एकमेकींशी जुळवण्याचा जो जाहीरनामा बोलोन्याच्या नावाने ओळखला जातो, त्यावर २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी सही केली. विद्यार्थी संघटनांना त्या प्रक्रियेत अधिकृत जागा मिळाली ती दोन वर्षांनी, २००१ मध्ये, प्रागच्या बैठकीत.